अहो बाई, जरा शालू दाखवा

जळगावात तेव्हा कापड घ्यायचं म्हणजे दोन वाटा होत्या. एक, बाजारातल्या मारवाडी शेटजींची गादी. तिथे चपला काढायच्या, तक्क्याला टेकायचं, चहा प्यायचा आणि शेटजींनी भाव सांगितला की "काय शेटजी, लुटता का आम्हाला?" म्हणून सुरुवात करायची. दुसरी वाट मिलच्या दुकानाची. मोठ्या शहरातल्या एका मिलने गावोगाव आपली दुकानं काढली होती. तीच पाटी, तोच निळा रंग, तेच काचेचं दार. जळगावात तसं धुळ्यात आणि धुळ्यात तसं नाशकात. तिथे चपलांसकट आत जायचं, काउंटरपाशी उभं राहायचं आणि चिठ्ठीवर छापलेला भाव मुकाट्याने द्यायचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या मिलच्या दुकानात मी अर्धवेळ नोकरी करत होते. सकाळी कॉलेज, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत दुकान. आजही कुणी विचारलं, तुम्ही काय करत होता, तर माझ्या तोंडून आधी "साड्या विकत होते" असंच येतं. बाकीचं सगळं नंतर.

साड्यांच्या काउंटरवर एक तरी बाई हवी, असा मुख्य कचेरीचा हुकूम आला होता, म्हणून मला घेतलं. मिलच्याच निळ्या वायलची, पांढऱ्या काठाची साडी नेसून उभं राहायचं, गिऱ्हाईक आलं की "नमस्कार, काय दाखवू?" म्हणायचं, आणि कितीही पाय दुखले तरी बसायचं नाही, हे तिथले नियम. पहिल्या दिवशी मी इतक्यांदा नमस्कार म्हटलं की घरी गेल्यावर आईने दार उघडलं तेव्हा तिलाही म्हटलं.

नोकरीला हो म्हणवून घ्यायला मात्र बराच त्रास पडला. माझे वडील, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. मितभाषी माणूस. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पान तेवढं वाढून घेतलं आणि जेवून उठले. आईने त्याचा अर्थ 'जाऊ दे' असा लावला. पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी पाहते तर भाऊ दुकानात. माझ्याकडे न बघता ते थेट पलीकडच्या काउंटरवर गेले, एक पंचा घेतला, बगलेत मारला आणि निघून गेले. पुढच्या आठवड्यात परत आले. परत पंचा. मग हे चालूच राहिलं. दर आठवड्याला भाऊ येणार, पंचा घेणार, जाताना दाराशी क्षणभर थांबणार आणि मी गिऱ्हाइकाशी बोलत असेन तर ते ऐकणार. घरात फडताळभर पंचे झाले. आई वैतागायची, "आंघोळीला माणसं किती आणि पंचे किती!" भाऊ म्हणायचे, "कापड चांगलं आहे." याहून जास्त ते माझ्या नोकरीबद्दल कधी बोलले नाहीत.

पंचे विकायचे ते आमचे नाना. दुकानातले सगळ्यात जुने विक्रेते, कानावर पेन्सिल, डोक्यावर काळी टोपी. एकच भाव ही गोष्ट आमच्याकडच्या माणसांच्या गळी उतरवायचं काम खरं त्यांनी केलं. एरंडोलकडचे एक आबा धोतरजोडी घ्यायला आले. भाव कमी होणार नाही म्हटल्यावर ते विचारात पडले आणि म्हणाले, "बरं, भाव ऱ्हाऊ दे. मंग माप तरी वाढी दे." आता धोतरजोडी ती, तिचं माप काय वाढवणार? पण नानांनी मान डोलावली, जोडी परत उलगडली, काउंटरला ठोकलेल्या पितळी पट्टीवर मोठ्या थाटात पुन्हा मोजली आणि म्हणाले, "घ्या आबा, अंगठाभर जास्तच भरली." आबा खूश होऊन गेले. साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, काचेच्या केबिनमधून हे पाहत होते. ते गुजरातेतून आलेले, नियमाला पक्के, पण नानांपुढे त्यांचं फार चालायचं नाही.

त्यालाही कारण होतं. साहेब नवे आले त्या वर्षीच्या लग्नसराईची ही गोष्ट, नानांनीच मला सांगितलेली. आमच्याकडे लग्नाचा बस्ता म्हणजे दोन्हीकडची माणसं एकत्र जाऊन सगळ्या मांडवाचं कापड एका बैठकीत घेणार. नवरीचा शालू, नवरदेवाचा पोशाख, करवल्यांच्या साड्या, मामांची धोतरं, कुणाची टोपी, कुणाचा टॉवेल. त्या वर्षी सावद्याकडची केळीवाली मोठी मंडळी ट्रकमधून आली. आत शिरली तर बसायला गादी नाही, पाणी विचारायला कुणी नाही, सगळे नोकर उभे. मंडळी दबक्या आवाजात एकमेकांत बोलली, टोप्या काढल्या आणि त्यांच्यातला एक वयस्क माणूस साहेबांपाशी जाऊन म्हणाला, "कोन गेलं, साहेब?" दुकानात कुणी वारलंय आणि म्हणून गादी उचललीय, असं त्यांना वाटलं. साहेबांना काही उलगडा होईना. मंडळी दुखवट्याचे चार शब्द बोलून बाजारातल्या शेटजींकडे गेली, आणि बस्ता तिकडे झाला. दुसऱ्या दिवशी नानांनी मागच्या बाजूला पांढरी गादी घातली, माठ ठेवला, समोरच्या हॉटेलला चहाचं सांगून टाकलं. साहेबांनी मुख्य कचेरीला काय कळवलं देव जाणे. पण तेव्हापासून लग्नसराईत आमच्याकडे गादी पडायची, आणि बस्त्यांची रांग लागायची.

मला ते दुकान मनापासून आवडायचं. नव्या कापडाच्या गाठी फोडल्या की येणारा खळीचा वास, तागा काउंटरवर फेकला की होणारा धप्प आवाज, आणि नको नको म्हणत आलेली बाई साडी खांद्यावर टाकून आरशात बघते तेव्हा तिचा बदलणारा चेहरा. तो चेहरा बघण्यासाठी मी फुकटसुद्धा उभी राहिले असते. साहेबांना हे मी कधी कळू दिलं नाही.

अशात माझं लग्न ठरलं. मुलगा धुळ्याचा, एस.टी.च्या वर्कशॉपात नोकरीला. वडील नव्हते, घरचा कारभार आईच्या हातात. त्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं. मूळ शिरपूरकडच्या खेड्यातल्या, नऊवारी, मोठं कुंकू, बोलणं रोखठोक. ऐकल्याबरोबर माझ्या मनात पहिला विचार आला तो नवरदेवाचा नाही, हे सांगायला मला आता काही लाज वाटत नाही. पहिला विचार आला, धुळ्यातही आपलं दुकान आहे. साहेबांना भीतभीत विचारलं. ते म्हणाले, "धुळ्याला साड्यांवर बाई नाहीच. तुझ्या सासरचे हो म्हणाले तर मी तिकडे सांगतो." झालं, माझ्या डोक्यात तेच घोळू लागलं. लग्न होऊ दे, संसार होऊ दे, पण दुपारी मला त्या काउंटरवर उभं राहू दे, एवढंच मागणं.

पण घोडं तिथेच अडलं होतं. मी दुकानात असते हे आमच्याकडच्यांनी तिकडे सांगितलंच नव्हतं. लग्न जमवणारे गृहस्थ म्हणाले होते, "मुलगी कॉलेजात आहे, एवढंच बोला. दुकानात उभी राहते म्हटलं की माणसं भलतंच समजतात." भाऊ खोटं बोलणारे नव्हते, पण गप्प राहणं त्यांना चांगलं जमायचं. बघायला आले तेव्हा माझ्या मावशीने आणखी भर घातली. मी चांगली ठसठशीत सावळी. मावशीने माझ्या तोंडावर इतकी पावडर थापली की शिंक आली असती तर खोलीभर धूर झाला असता. मी मान खाली घालून बसले. अक्कांनी दोन प्रश्न विचारले, मी पाटाकडे बघत उत्तरं दिली. पसंती आली.

बस्ता गुरुवारी ठरला होता. शेटजींकडे करू, असं भाऊंनी सुचवून पाहिलं. अक्कांचा निरोप आला, बस्ता मिलच्याच दुकानात. तिथे घासाघीस नाही, म्हणून व्याह्या-व्याह्यांत भांडण नाही. म्हणणं बिनतोड होतं. मी गुरुवारची रजा काढली. तसंही नवरीने बस्त्याला जायचं नसतं. तिच्यासाठी काय घेतलं ते तिने हळद लागल्यावर बघायचं, आणि शालू तर त्याआधी अंगाला लागूच द्यायचा नाही, अशी आमच्याकडची रीत.

गुरुवारी अमावस्या आहे हे अक्कांच्या कुणी तरी लक्षात आणून दिलं, आणि मंडळी बुधवारीच एस.टी.त बसून आली. सरळ आमच्या घरी. जेवणं झाली. अक्कांनी विचारलं, "नवरी कोठे शे?" आई म्हणाली, "कॉलेजात." आणि तशीच सगळी उठून भाऊंबरोबर दुकानाकडे निघाली. मला निरोप पाठवायला आईला कुणी सापडलंच नाही.

मी काउंटरवर वायलच्या साड्यांच्या घड्या घालत होते. काचेचं दार उघडलं आणि आधी अक्का आत आल्या, मागून, नवरदेव सोडून, बायका-माणसांची फौज, आणि शेवटी भाऊ. भाऊंचा चेहरा मालधक्क्यावरच्या चुन्याच्या पोत्यासारखा झाला होता. नानांच्या एका नजरेत लक्षात आलं. ते पुटपुटले, "आत जा, गोदामात जा." मी वळले, तर केबिनमधून साहेब बाहेर आले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "बाई, बस्ता आहे. शालू तुम्हीच दाखवा."

आता कुठे जाणार? मी गादीपाशी गेले. सगळी मंडळी बसली होती. अक्का बरोबर माझ्यासमोर, भाऊ त्यांच्या शेजारी. मी हात जोडून म्हटलं, "नमस्कार, काय दाखवू?" अक्कांनी भाऊंकडे पाहिलं, म्हणजे बोला. भाऊंनी घसा साफ केला. माझ्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत ते म्हणाले, "अहो बाई, जरा शालू दाखवा."

जन्मात त्यांनी मला अहो म्हटलं नव्हतं. हसू आणि रडू एकदमच आलं, दोन्ही गिळून मी शालूंचा गठ्ठा आणायला वळले.

अक्कांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कशा? त्यांनी पाहिली होती ती पावडर. निळ्या साडीतली, ताठ मानेने बोलणारी ही सावळी मुलगी त्यांनी पाहिलीच नव्हती. मी शालू उलगडत गेले आणि गंमत अशी की दहावा-बारावा उलगडेपर्यंत माझी भीती कुठल्या कुठे गेली. हातांना सवय होती, जिभेलाही होती. पदर कसा आहे, काठ किती रुंद आहे, जरीची निगा कशी राखायची, मी सांगत सुटले. मंडळीत एक आत्याबाई होत्या, तोंडाने फार फटकळ. त्यांनी फिकट गुलाबी शालू उचलला. "हाई ली, अक्का. नवरी गोरी शे, तिले हाईच खुली दिसी."

नवरी गोरी! माझ्या डोळ्यांसमोर तो गुलाबी शालू आणि माझा रंग उभा राहिला आणि मला राहवेना. नवरी कशी आहे हे त्या गादीवर माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? डाळिंबी रंगाचा एक शालू गठ्ठ्यात होता, बारीक बुट्टीचा. गाठ फोडल्या दिवसापासून माझा त्याच्यावर डोळा होता. मी तो पुढे केला. "गुलाबी लवकर मळतो, काकू. हा बघा. गोरीला शोभतो आणि सावळीला तर फारच शोभतो."

अक्कांनी शालू हातात घेतला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आमनी नवरी तुनाच एवढी शे, माय. जराशी आंगवर ली दखाड."

मी भाऊंकडे पाहिलं. ते छताला लागलेल्या पंख्याकडे बघत होते. नाना उगाच पट्टी पुसत होते. नाही म्हणायला कारण सुचेना, आणि खरं सांगायचं तर नाही म्हणावंसंही वाटेना. मी निळ्या साडीवरून तो डाळिंबी शालू घेतला, निऱ्या हातात धरल्या, पदर डोक्यावर ओढला आणि वळून उभी राहिले. समोर आरसा होता. त्यात मी होते आणि माझ्यामागे गादीवर माझं सगळं सासर बसलेलं होतं. अक्का हळूच म्हणाल्या, "बठ्ठास्मा हाईच भारी शे." सगळ्या शालूंत तोच भारी ठरला.

शालू उतरवून मी घडी घालू लागले तशा अक्का सैलावल्या. चहा आला होता. बशीत चहा ओतत त्यांनी मला विचारलं, "तू आठे काम करस. तुना बाप काय म्हनस?"

भाऊ हातभर अंतरावर बसलेले. मी म्हटलं, "काही म्हणत नाहीत. त्यांना आवडतं की नाही, मला माहीत नाही. पण दर आठवड्याला इथे येतात आणि एक पंचा घेऊन जातात. घरात फडताळ भरलंय पंच्यांनी. जाताना दाराशी थांबून मी काय बोलते ते ऐकतात. मला वाटतं, आवडत असेल."

बायका हसल्या. अक्काही हसल्या. आत्याबाईंना मात्र राहवलं नाही. "कसा बाप ऱ्हाई तो! आंडेरले दुकानमा हुबी करस अन सोता पंचा लेवाले येस!"

मी घडीवरचे हात थांबवले. मुलीला दुकानात उभी करणारा बाप कसला, असं माझ्या बापासमोर बोललं गेलं होतं आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती. तेवढ्यात भाऊ उठून उभे राहिले. बोलणं त्यांना जड जायचं, आणि एवढ्या माणसांत तर फारच. टोपी काढली, परत घातली.

"तो बाप मी," भाऊ म्हणाले. "ही माझी पोर. नवरी हीच."

आत्याबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पन हाई ते काळी शे!"

अक्कांनी बशी खाली ठेवली. "म्हंजे रंगबी खोटा अन कालेजबी खोटं?"

माझा स्वभाव काही लपून राहत नाही, तेव्हाही राहिला नाही. मी म्हटलं, "कॉलेज खरं आहे, अक्का. सकाळी कॉलेज, दुपारी दुकान. रंग हाच. पावडर मावशीची."

अक्का भाऊंकडे वळल्या. "काब्र लपाडं, याही?" का लपवलं, म्हणून विचारत होत्या. व्याह्यांना त्या याही म्हणायच्या.

"भीती वाटली," भाऊ म्हणाले. "मुलगी चांगली आहे. मला वाटलं, दुकानाचं ऐकून तुम्ही नाही म्हणाल. आणि दुकान सोड म्हणायला माझी जीभ रेटेना. ती इथे असते तेव्हा फार आनंदात असते. मी बघतो ना."

इतकं लांब ते माझ्या जन्मात बोलले नव्हते. ते दर आठवड्याला कशासाठी यायचे हे मला कळत होतं, पण कळणं निराळं आणि त्यांच्या तोंडून ऐकणं निराळं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि शालूवर पडू नये म्हणून मी घडी बाजूला सारली.

अक्कांचं लक्ष त्या घडीकडे गेलं. त्यांनी तो डाळिंबी शालू उचलला, मांडीवर ठेवला, थोडा वेळ त्यावर हात फिरवला आणि परत गादीवर ठेवून दिला. "हयदना पहिले नवरीना आंगले लागं. आते हाई नही चालस." हळदीआधीच शालू नवरीच्या अंगाला लागला होता.

नाना पुढे आले. "अक्का, असाच दुसरा नग आमच्याकडे नाही. धुळ्याच्या दुकानात असेल, माल सगळीकडे एकच जातो." अक्कांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांनी बाकीचा बस्ता पुरा केला. धोतरं, टोप्या, करवल्यांच्या साड्या, सगळं घेतलं. शालू घेतला नाही. बस्त्याला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला, गाठोडी बांधली आणि निघाल्या. दारातून जाताना माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत काय होतं याचा मी पुढे कितीतरी दिवस विचार करत होते.

शालू न घेता उठलेला बस्ता म्हणजे लग्न मोडल्यातच जमा, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. आईने मावशीशी अबोला धरला. भाऊ नेहमीसारखे कामावर जात येत राहिले, पण त्या आठवड्यात पंचा घ्यायला आले नाहीत. मी काउंटरवरून सारखी दाराकडे बघत होते. काही दिवसांनी लग्न जमवणारे गृहस्थ येऊन सांगून गेले, लग्न ठरल्या दिवशीच. बाकी अक्का काही बोलल्या का, असं मी आईकरवी विचारलं. काही नाही, म्हणाले. दुकानाचा शब्द नाही. साहेबांनी धुळ्याचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "बघू." आणि शेवटच्या दिवशी निळी साडी धुऊन, इस्त्री करून परत देताना नानांनी ती घेतली नाही. "राहू दे," म्हणाले, "धुळ्याला लागेल." मला वाटलं, म्हातारा मन राखायला बोलतोय.

लग्नाच्या दिवशी हळद उतरल्यावर सासरचं ताट माझ्यापुढे आलं. त्यावरचा रुमाल आत्याबाईंनी काढला. डाळिंबी, बारीक बुट्टीचा. तसाच, पण कोरा करकरीत, कुणाच्या अंगाला न लागलेला. मी वर पाहिलं, तर अक्का दुसऱ्या कुणाशी तरी मानपानावरून वाद घालत होत्या.

धुळ्याला आल्यावर पाहुणे पांगेपर्यंत मी दम धरला. मग नवऱ्याला दुकानाचं विचारलं. ते म्हणाले, "माझी काही हरकत नाही, पण अक्कांना विचार." हरकत नसलेले नवरे असंच म्हणतात. अक्कांना विचारायचं धाडस मला होईना. भाकरी थापताना ओठांवर यायचं आणि परत जायचं. बाजारातून येताना त्या निळ्या पाटीसमोरून जावं लागायचं. मी मान वळवून जायची.

एका दुपारी अक्का माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "तुनं ते दुकाननं निळं लुगडं कोठे शे?"

मी ट्रंकेतून काढलं.

"हाऊ शालू लेवाले मी आठल्या दुकानमा गई व्हती," अक्का म्हणाल्या. "तठे एक मिशावाला शालू आंगवर ली दखाडत व्हता. डोकावर पदर, अन खाले मिशा! माले ते हसूच उनं. मंग मी म्हनं, त्यानापेक्षा मनी सून काय वाईट?" आणि मग आवाज उतरवून, जरा दुसरीकडे बघत, "अन तुना बाप म्हने ना, तू तठे आनंदमा ऱ्हास. मंग आठे काब्र नही?"

मी अक्कांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "पुरे, उशीर व्हई."

धुळ्याच्या साहेबांना निरोप पोचला होता. नानांनीच पोचवला होता, हे मला मागाहून समजलं. पुढच्या सोमवारी मी निळी साडी नेसून साड्यांच्या काउंटरमागे उभी राहिले. तीच पितळी पट्टी, तोच खळीचा वास. मिशावाले गृहस्थ तर इतके खूश झाले की सगळे शालू त्यांनी लगेच माझ्याकडे सरकवले.

दुपार कलली असेल. काचेचं दार उघडलं आणि अक्का आत आल्या. एकट्या. मोठं कुंकू, हातात पिशवी, नव्या गिऱ्हाइकासारख्या इकडेतिकडे बघत. साड्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही, सरळ माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. मी नियमाप्रमाणे हात जोडले, "नमस्कार, काय दाखवू?" म्हटलं.

धुळ्याच्या घरी फडताळात भाऊंनी रुखवताबरोबर पाठवलेल्या पंच्यांचा गठ्ठा होता. त्यातला एकही अजून उलगडला नव्हता.

"अहो बाई," अक्का म्हणाल्या, "जरासा पंचा दखाडा. घरमा एकबी नही."